बाळंतिणीला सव्वा महिना. पिशवी काढलेल्या बाईला काय?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. विधिमंडळात सरकारने स्वतःच आकडा सांगितला की, तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांच्या पिशव्या काढल्या गेल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची नोंद झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरातल्या सतरा! त्याच दशकातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशभरचे हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. एवढे झाल्यावर तरी हे थांबेल असे वाटले होते. पण जून २०२५ मध्ये पुन्हा बातमी आली, की तोडीला जाण्याआधी ८४३ स्त्रियांची पिशवी काढलेली होती आणि त्यातल्या ४७७ जणी तीस ते पस्तीस वयाच्या होत्या.

या सगळ्या काळात चर्चा झाली ती पिशवी कुणी काढली, का काढली, किती पैसे घेतले यावर. ती व्हायलाच हवी होती. आम्हीही निवेदनांवर सह्या केल्या, मोर्चात गेलो. पण पिशवी काढल्यावर दवाखान्यातून घरी आलेल्या बाईचे पुढे काय होते, ती कशावर झोपते, तिला पाणी कोण भरून देते, ती कितव्या दिवशी पुन्हा वाकते, यावर ना समितीच्या बैठकीत बोलणे झाले, ना आमच्या मोर्चात. आज त्याबद्दलच लिहायचे आहे. समाजातल्या पुरुषांनी हा लेख अर्धवट टाकू नये, कारण बराचसा तो त्यांच्यासाठीच आहे.

आपल्या घरात बाळंतीण असली की काय काय होते ते आठवा. बाज टाकली जाते. बाजेखाली शेगडी येते. सव्वा महिना तिला पाण्याला हात लावू देत नाहीत. परिस्थिती कितीही गरिबीची असो, डिंक, खोबरे, अळीव कुठून तरी येतेच. माहेरचे येऊन जातात. थोडक्यात, शरीराला जबर मार बसल्यावर बाईला कसे जपायचे याचे सगळे ज्ञान आपल्या घरांत आहे. ते शिकवायला शहरातून कुणी यायची गरज नाही. मग पिशवी काढलेल्या त्याच बाईला हे का मिळत नाही? उत्तर कडू आहे. बाळंतपणात घराला वारस मिळतो, या ऑपरेशनात घराला काही मिळत नाही. उलट उचलीतले चाळीस-पन्नास हजार जातात. म्हणून आधीचा सव्वा महिना बाळासाठी होता, बाईसाठी नव्हता, असेच म्हणायची वेळ येते.

वैद्यकशास्त्र मात्र या बाईलाही सव्वा महिन्याहून थोडी जास्तच विश्रांती सांगते. पोट फाडून पिशवी काढली असेल तर सहा ते आठ आठवडे. दुर्बिणीने किंवा खालच्या वाटेने काढली असेल तर भरून यायला थोडे कमी दिवस लागतात, पण तिथेही चार ते सहा आठवडे जड काम नाही म्हणजे नाही. बाहेरचा टाका आठ-दहा दिवसांत सुकतो आणि घरचे समजतात की झाली बरी. आतले टाके, जिथून पिशवी कापून घेतली ती जागा, पोटाचे स्नायू यांना मजबूत व्हायला महिना-दीड महिना लागतोच. या काळात चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये असे डॉक्टर सांगतात. आता हिशेब करा. भरलेली कळशी दहा किलोच्या घरात, भरलेला हंडा पंधराच्या पुढे. आणि फडात डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची उसाची मोळी? तीस ते चाळीस किलो! टाके ताजे असताना ही मोळी उचलणाऱ्या बाईला पुढे पोटाला हर्निया झाला, अंग बाहेर आले, लघवी थांबेनाशी झाली तर त्यात नवल कसले? मग घरचे म्हणतात, ऑपरेशन फसले. काही वेळा ऑपरेशन ठीक झालेले असते, फसलेले असते ते घर.

आणि इथे मुकादमाच्या कॅलेंडरचा संबंध येतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली कुठलीही वस्ती घ्या. उचल मिळते पावसाळ्यात. हातात पैसा येतो तो तेव्हाच. वर्षभर अंगावर काढलेले दुखणे घेऊन बाई दवाखान्यात जाते तीही तेव्हाच. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, नाहीतर कर्नाटकात. म्हणजे भाद्रपदात ऑपरेशन आणि कार्तिकात फड. मधल्या सहा आठवड्यांत घरच्या आवराआवरीचे, पीठ-मीठ बांधण्याचे, पोरांना कुठे ठेवायचे त्याचे काम पुन्हा तिच्याच माथी. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिने एक दिवस रजा घेतली तर खाडा धरून पाचशे-हजार कापले जातात. पाळीच्या दिवसांतला खाडा वाचावा म्हणून पिशवी काढायची आणि पिशवी काढल्यानंतरच्या विश्रांतीचाही खाडा द्यायचा, असा हा दुहेरी फास आहे.

अशा वेळी काही घरांत तोडगा निघतो आणि तो आम्हाला सर्वांत भयंकर वाटतो. आईच्या जागी पोरगी कोयता धरते. तेरा-चौदा वर्षांची, आठवी-नववीतली. ती एकदा फडावर गेली की शाळा सुटते. फडावर वयात आलेली पोर सांभाळायची भीती म्हणून दुसऱ्या वर्षी तिचे लग्न उरकतात, विशीच्या आत दोन बाळंतपणे, मग नसबंदी, आणि पंचविशी-तिशीत तिलाही कुणीतरी सांगतो, आता पिशवीचा काय उपयोग, काढून टाक. आईच्या विश्रांतीची किंमत लेकीच्या शाळेने चुकवायची नाही, हे ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी घरात बसून ठरले पाहिजे.

त्याही आधीचा एक प्रश्न आहे. ऑपरेशन लागतेच का? अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, पाळी मागेपुढे होते, एवढ्यावर पिशवी काढायची नसते. फडावर ना संडास, ना न्हाणी, ना पाळीत बदलायला आडोसा. त्यातून होणारा जंतुसंसर्ग बहुतेकदा गोळ्या-औषधांनी बरा होतो, मात्र नवऱ्यानेही सोबत औषध घ्यावे लागते, ते पुरुष टाळतात. रक्तस्राव जास्त असेल तर त्यालाही आधी औषधे आहेत. मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, पिशवी खाली सरकणे, कर्करोग, अशी खरी कारणेही असतात आणि तेव्हा ऑपरेशन टाळणे धोक्याचे. पण ‘कॅन्सर होईल’ अशी नुसती भीती घालणे म्हणजे निदान नव्हे. कॅन्सरचा संशय असेल तर तपासणी करून तो कागदावर दाखवावा लागतो. दुसरे मत घ्यायला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनाआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घातली गेली. ५ एप्रिल २०२३ रोजी डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना अनावश्यक पिशवी काढण्याविरुद्धची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. हे माहीत असलेली बाई डॉक्टरपुढे बसते तेव्हा डॉक्टरचा आवाज आपोआप खाली येतो, हा आमचा अनुभव आहे.

संमतीचेही असेच. आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्या बायांना आम्ही विचारतो, सही कुणी केली? बहुतेक वेळा उत्तर येते, ‘मालकानं केली.’ मालक म्हणजे नवरा. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या स्त्रीची संमती तिचीच लागते. तिथे तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीची पिशवी आणि अंडाशय आईच्या संमतीवर काढले होते, न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. मग नवऱ्याच्या अंगठ्यावर बायकोची पिशवी कशी निघते?

संमती देताना तिने एक गोष्ट मुद्दाम विचारावी, ती म्हणजे अंडाशय ठेवणार की काढणार. आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणींना हे माहीतच नसते. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयही गेले तर तिशीतल्या बाईची पाळी कायमची जाण्याचे वय एका दिवसात येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते, आणि पुढे हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. घरचे म्हणतात हिला बाहेरचे झाले, देवऋष्याकडे न्या. बाहेरचे काही नसते. शरीरातले संप्रेरक अचानक तुटलेले असते आणि त्यावर औषधोपचार असतात. कमी वयात अंडाशय काढले असतील तर डॉक्टर संप्रेरकाच्या गोळ्या, कॅल्शियम यांचा विचार करतात. त्यासाठी काय काढले हे कागदावर पाहिजे. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे बंधन डॉक्टरांवर २००२ च्या नियमावलीने घातले आहे. हे कागद पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी ठेवावेत.

आता घराकडे वळू. ऑपरेशनच्या चार दिवस आधी घरातल्या पुरुषाने घरात एक फेरी मारावी आणि बायको दिवसभरात किती वेळा वाकते, उकिडवी बसते, उचलते ते मोजावे. ज्याने आयुष्यात मोजले नसेल त्याला धक्का बसेल. जमिनीवरचे अंथरूण पहिले काही आठवडे नको, कारण तिथून उठताना सगळा ताण पोटावर येतो. बाज नसेल तर शेजारून आणा. उठताना आधी कुशीवर वळायचे, मग हाताच्या रेट्याने बसायचे, हे तिला आणि घरच्यांना दोघांनाही माहीत हवे. खोकला आला, शिंक आली तर पोटावर उशी दाबून धरावी. चुलीच्या धुरापुढे तिला बसवू नये, धुराने खोकला येतो आणि खोकल्याने टाके ताणतात. संडासासाठी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतले तरी काम भागते, वीस मिनिटांचे काम आहे. उघड्यावर लांब जाण्याची वेळ तर येऊच देऊ नये. कुंथावे लागू नये म्हणून पाणी भरपूर, पालेभाजी, वरण, भाकरी ताकात कुस्करून. वातड, थंड, बादी म्हणून बाईचे अर्धे अन्न तोडण्याची आपल्याकडे खोड आहे. ऊसतोडीच्या बाईच्या अंगात मुळातच रक्त कमी. तिला अंडे, मटण, मासळी, डाळ सगळे द्या, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चुकवू नका. जखमेवर हळद, अंगारा, राख काही लावू नये. जखम कोरडी आणि उघडी ठेवणे एवढेच पुरते.

नुसते पडूनही राहायचे नाही. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात, मग अंगणात चालावे, नाहीतर पायात रक्ताच्या गाठी होतात. एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखले, तर सकाळची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा. ताप, जखमेतून पू, खालून घाण वासाचा स्राव, कपडा भिजेल इतका रक्तस्राव, लघवी अडणे किंवा जळजळणे, यातले काही दिसले तरी ज्याने ऑपरेशन केले त्याच्याकडे परत न्यावे. पहिले काही दिवस थोडे डाग पडणे नेहमीचे असते, त्याने घाबरू नये.

एक गोष्ट सभेत बोलली जात नाही म्हणून इथे लिहितो. किमान सहा आठवडे नवऱ्याने शरीरसंबंध ठेवायचा नाही. डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत नाही. आतला टाका उघडून जिवावर बेतू शकते. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला हे बायकोने सांगून उपयोग नसतो, म्हणून त्याला हे डॉक्टरांसमोर, आईसमोर, मोठ्या भावासमोर आधीच सांगितलेले असावे. त्या दिवसांत रात्री तिच्याजवळ सासू किंवा बहीण झोपली तर उत्तम. आणि पिशवी गेली म्हणजे बाईत काही राहिले नाही, अशी जी कुजबुज गावात चालते तिला आपल्या घरात तरी थारा देऊ नका. मूल होत नाही आणि पाळी येत नाही, यापलीकडे ती तीच आहे.

विनयपिटकात तथागतांची एक हकीकत आहे, ती ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. अतिसाराने घाणीत पडलेला एक भिक्खू भगवंतांना दिसला. तुझी शुश्रूषा कुणी का करीत नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, मी कुणाच्या उपयोगाचा नाही म्हणून. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन पुसून बिछान्यावर ठेवले. स्वतःच्या हातांनी. मग आम्ही पंचशील म्हणणारे पुरुष बायकोचे कपडे धुताना आजूबाजूला कुणी बघते का म्हणून का पाहतो? आमच्या एका परिचिताने बायकोच्या ऑपरेशननंतर महिनाभर हापशावरून पाणी भरले, भाकरी थापल्या. गावाने त्याला दोन दिवस चिडवले, तिसऱ्या दिवशी चिडवणारेच भाकरी कशी फुगते ते विचारू लागले.

पण सगळा भार कुटुंबावर टाकून सरकारला आणि कारखान्याला मोकळे सोडायला आम्ही तयार नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले होते की, स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा तिच्या विश्रांतीचा काही भार मालकाने उचलणे रास्तच आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवडे आणि १९९५ च्या दुरुस्तीने नसबंदीनंतर दोन आठवडे पगारी रजा मान्य केली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्या तरतुदी आल्या. पिशवी काढण्याचे नाव मात्र त्या तरतुदींत नाही. आणि ज्या आहेत त्या तरी ऊसतोड बाईपर्यंत कुठे पोचतात? कारखाना म्हणतो ती मुकादमाची मजूर, मुकादम म्हणतो मी फक्त मध्यस्थ. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्याने डॉक्टरच्या कागदावर सहा आठवड्यांची मजुरी थेट बाईच्या खात्यात जमा करावी आणि त्या काळात खाडा धरणाऱ्या मुकादमावर कारवाई व्हावी, ही आमची मागणी आहे. ती भीक नाही.

तोवर एक हत्यार हातात आहेच. उचल फिटली नाही म्हणून आजारी बाईला फडावर ओढून नेणे हे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली येऊ शकते. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या श्रमाचा अर्थ किती व्यापक लावला ते आपल्या कार्यकर्त्यांनी वाचले पाहिजे. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी. त्याहून सोपे म्हणजे उचल घेतानाच, कागद होत असताना, बाईच्या दुखण्याचे दिवस खाड्यात धरणार नाही हे वाक्य त्यात लिहून घ्यावे. मुकादम कुरकुर करेल. पण दहा कोयते मिळून अडले तर तो लिहून देतो, त्याला टोळी न्यायची असते.

ऑपरेशन तातडीचे नसेल तर ते तोडीवरून परतल्यावर लवकर करावे, म्हणजे बरे व्हायला पुरता काळ मिळतो. ऐन वैशाखात घाम आणि टँकरचे पाणी यामुळे जखमेला त्रास होतो, म्हणून शक्य असेल तर मृगाच्या सुमारास. त्यानंतर महिनाभरात आपला वर्षावास सुरू होतो. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत ग्रंथवाचन चालते, सगळा मोहल्ला संध्याकाळी एकत्र येतो. त्याच बैठकीत वस्तीतल्या कुठल्या घरी ऑपरेशन झाले आहे ते विचारावे आणि तिच्या घरी सहा आठवडे पाणी कुणी भरायचे, भाकरी कुणी पोचवायची, शेरडे कुणी सोडायची, तिला टाके दाखवायला तालुक्याला कुणी न्यायचे, याची वारानुसार यादी करून विहाराच्या भिंतीवर लावावी. यादीत पुरुषांची नावे आधी लिहावीत.